ब्रँडी अलेक्झांडर: क्रीम फाटू न देता बनवण्याची रीत आणि एका ग्लासाचा खरा हिशेब

ब्रँडी अलेक्झांडरची कृती एका ओळीत मावते. ब्रँडी, कोकोचे लिक्युअर (साखर घातलेले, स्वादाचे मद्य) आणि क्रीम सारख्या मापाने घ्यायचे, बर्फावर हलवायचे, गाळायचे आणि वर जायफळ किसायचे. तरीही जेवणानंतरचे हे गोड कॉकटेल घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: वर पांढरे कण तरंगतात, चव पाणचट लागते, तळाशी चॉकलेटचा थर बसतो, किंवा ते इतके गोडमिट्ट होते की दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. या सगळ्या तक्रारींचे मूळ शेकर (पेय हलवायचे झाकणाचे भांडे) हातात घेण्याआधीच्या अर्ध्या तासात असते, म्हणून या लेखातही बरीच जागा तयारीलाच दिली आहे.

दुसरी चूक हिशेबाची आहे. ‘एकच स्मॉल तर आहे’ असे म्हणणारे फक्त ब्रँडी मोजतात, आणि उष्मांकांची धास्ती घेणारे फक्त क्रीम मोजतात. दोघांचाही अंदाज चुकतो. तो किती चुकतो हे शेवटच्या टप्प्यांत आकड्यांनिशी मांडले आहे.

पुढे जाण्याआधी एक सूचना द्यायला हवी. महाराष्ट्रात ब्रँडीसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि ते बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि मद्याशी न जुळणारी औषधे घेणारे यांच्यासाठी हे पेय नाही, मग ते कितीही मिठाईसारखे दिसो.

टप्पा १: नाव आणि बाटल्या तपासून घ्या

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत हे पेय नुसत्या ‘अलेक्झांडर’ या नावाने आहे आणि त्याचे माप ३० मि.ली. कोन्याक (फ्रान्समधली द्राक्षांची ब्रँडी), ३० मि.ली. तपकिरी क्रेम द काकाओ (हेच ते कोकोचे लिक्युअर) आणि ३० मि.ली. ताजी क्रीम असे दिलेले आहे. मात्र अनेक पुस्तकांत ‘अलेक्झांडर’ म्हणजे जिन घालून केलेले जुने पेय असते आणि ब्रँडीचे असेल तरच ‘ब्रँडी अलेक्झांडर’ असे लिहितात. त्यामुळे कृती कुठूनही घेतली तरी पहिला घटक कोणता आहे हे आधी वाचावे. जिनमधला जुनिपरचा वास क्रीमबरोबर सर्वांनाच रुचतो असे नाही.

सर्वांत मोठा घोटाळा ‘क्रेम’ या शब्दाने होतो. क्रेम द काकाओमध्ये दुधाचा थेंबही नसतो. युरोपीय नियमांनुसार ‘क्रेम द’ हे नाव लावायचे असेल तर त्या लिक्युअरमध्ये लिटरमागे किमान २५० ग्रॅम साखर असावी लागते. म्हणजे तो शब्द पाकासारख्या दाटपणाचा आहे, सायीचा नाही. हे ठाऊक नसल्यामुळे दोन उलटसुलट चुका होतात. काही जण ‘क्रीम आधीच आहे’ असे समजून क्रीम घालतच नाहीत आणि हातात येते ती गोड, गडद, कोकोच्या वासाची ब्रँडी. काही जण त्याऐवजी दुकानात सहज मिळणारे आयरिश क्रीमसारखे लिक्युअर आणतात, ज्यात क्रीम आणि साखर दोन्ही असतात, आणि वर पुन्हा ३० मि.ली. क्रीम ओततात. ते पेय चिकट होते आणि कोकोची कडवट बाजू त्यात हरवते.

तपकिरी आणि पांढरे असे क्रेम द काकाओचे दोन प्रकार मिळतात. दोन्ही चालतात. तपकिरीने पेयाला दुधाळ कॉफीसारखा रंग येतो, पांढऱ्याने ते फिकट, हस्तिदंती दिसते.

बाटली मिळालीच नाही तर चॉकलेट सिरप घालू नये. ते जड असल्यामुळे तळाशी बसते आणि त्यात मद्य नसल्याने प्रमाण कोलमडते. त्यापेक्षा घरी लिक्युअर मुरवणे बरे. भाजलेल्या कोको बियांचा भरडा ५० ग्रॅम घेऊन तो २०० मि.ली. साध्या व्होडकात झाकणबंद काचेच्या बरणीत ५ ते ७ दिवस ठेवावा, रोज एकदा बरणी हलवावी, मग आधी गाळणीने आणि नंतर कॉफीच्या कागदी फिल्टरने गाळावे. १०० ग्रॅम साखर १०० मि.ली. पाण्यात विरघळवून पूर्ण थंड केलेला पाक त्यात मिसळावा. व्होडका ४२.८ टक्क्यांची असेल आणि भरड्याने थोडी शोषली असे धरले तर तयार लिक्युअरमध्ये मद्य सुमारे २२ ते २३ टक्के आणि साखर लिटरमागे २९० ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे विकतच्या बाटलीच्या बरेच जवळ. पाक गरम असताना मिसळण्याची घाई करू नये, वास उडतो.

ब्रँडीबद्दल थोडे. कोन्याक घेतलेच पाहिजे असे नाही, पण ब्रँडी द्राक्षांची असावी. भारतात स्वस्त बाटल्यांत मळीपासून काढलेले मद्यार्क मिसळलेले असते, त्यामुळे लेबलवर द्राक्षांचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचून घ्यावे. नाशिककडे द्राक्षांपासून ब्रँडी बनते आणि ती या कामाला उत्तम चालते. आपल्याकडे अनेक घरांत सर्दीखोकल्यासाठी म्हणून कपाटात एक तळाला गेलेली ‘औषधाची’ ब्रँडी असते आणि पाहुणे आले की तीच बाहेर निघते. अर्ध्याहून अधिक रिकाम्या बाटलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या ब्रँडीचा वास विरलेला असतो. क्रीम आणि साखर यांच्यापुढे तिचा टिकाव लागत नाही.

तपासणी: तिन्ही घटक एकेक थेंब जिभेवर घेऊन पाहावेत. ब्रँडी नुसती जळजळली आणि मागे फळाची चव राहिली नाही, तर ती अलेक्झांडरमध्येही राहणार नाही.

टप्पा २: क्रीमची निवड

हा टप्पा वाचून पुढचे सोडले तरी अर्धे काम होईल.

टेट्रा पॅकमध्ये मिळणाऱ्या भारतीय फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. ती शेकरसाठी चालते, पोत थोडा हलका येतो इतकेच. ३० ते ३५ टक्क्यांची दुधाची व्हिपिंग क्रीम मिळाली तर पेय अधिक रेशमी होते. मात्र केकवाल्यांकडची ‘व्हिप टॉपिंग’ पुष्कळदा वनस्पती तेलाची आणि आधीच गोड केलेली असते. तिने पेय फेसाळते, पण टाळूला मेणासारखा थर चिकटतो. पुडक्यावर दुधाची स्निग्धता लिहिलेली आहे आणि साखर लिहिलेली नाही, एवढे पाहिले की पुरे.

दूध वापरून पेय ‘हलके’ करण्याचा मोह टाळावा. स्निग्धांश जितका कमी तितके दुधातील प्रथिनांना मद्यापासून कमी संरक्षण मिळते, आणि दूध आधीच किंचित आंबलेले असेल तर ते शेकरमध्येच फाटते. क्रीम फाटते ती मुख्यतः आंबटपणामुळे, मद्याच्या कडकपणामुळे नव्हे. म्हणून शेकरमध्ये आधीच्या पेयातील लिंबाचा रस राहिलेला नाही ना हेही पाहावे.

घरच्या सायीबद्दल मात्र स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाण्याच्या घरी एका रविवारी चार जण जेवायला होते आणि क्रीमचे पाकीट आणायचे राहिले होते. फ्रिजमध्ये तुपासाठी साठवलेल्या सायीचा डबा होता. त्यातली वरची साय चमच्याने फेटून मऊ केली आणि शेकरमध्ये घातली. पाऊण मिनिट जोरात हलवल्यावर आतला आवाज बदलला, बर्फाच्या खळखळाटाऐवजी थबथब असा जड आवाज येऊ लागला. गाळणीत पाहिले तर मोहरीएवढ्या लोण्याच्या गोळ्या आणि खाली कोकोच्या वासाचे ताक. सायीचा डबा विरजण लावलेला होता हे नंतर आठवले. आंबट, कमी थंड आणि घट्ट साय जोरात हलवली की ती लोणीच सोडणार, तो तिचा धर्म आहे. ज्या घरात रवी आहे त्या घरात हे समजावून सांगायला नको होते.

इशारा: क्रीमचे पाकीट फ्रिजमध्ये किमान चार तास असावे, पण फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नये. गोठून पुन्हा वितळलेल्या क्रीममध्ये पाणी आणि स्निग्धांश वेगळे होतात आणि ते हलवून पुन्हा एकजीव होत नाहीत. पाकीट उघडण्याआधी ते हळू हलवावे, कारण टेट्रा पॅकमध्ये घट्ट भाग वर बसलेला असतो.

टप्पा ३: थंडावा, बर्फ आणि भांडी

ग्लास १२० ते १५० मि.ली. क्षमतेचा, दांड्याचा असावा, आणि तो फ्रीझरमध्ये २० मिनिटे ठेवावा. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर त्यात बर्फ व पाणी भरून बाजूला ठेवावे आणि पेय गाळण्याच्या क्षणी रिकामा करून पुसावा. कोमट ग्लासात ओतलेल्या अलेक्झांडरचा फेस झपाट्याने बसतो.

ब्रँडी आणि लिक्युअर खोलीच्या तापमानाला चालतात. मात्र एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे खोलीचे तापमानच ३३ अंशांवर असते, आणि तितक्या गरम बाटलीतून ओतलेले मद्य थंड करण्यात बराच बर्फ वितळतो. त्या दिवसांत बाटल्या तासभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. त्या फ्रीझरमध्ये ठेवून अतिशहाणपणा करू नये, कारण थोडे पाणी सुटणे हा कृतीचाच भाग आहे. पाण्याशिवाय हे पेय जड आणि झोंबणारे लागते.

बर्फ हा घटक आहे, हे घरी करणारे विसरतात. ट्रेमधले मोठे, कोरडे खडे थेट फ्रीझरमधून शेकरमध्ये जावेत. दुकानातून पिशवीत आणलेला, अर्धवट वितळून पुन्हा चिकटलेला किंवा चुरा झालेला बर्फ क्षणात पाणी सोडतो. पाणचट चवीचे कारण दहापैकी नऊ वेळा तोच असतो, असे माझे मत आहे. शिवाय बर्फ माशांच्या किंवा चिरलेल्या कांद्याच्या डब्याशेजारी ठेवलेला नसावा. क्रीम वास पटकन धरते.

शेकर दोन टिनचा असो वा झाकण-गाळणीसह तीन भागांचा, तो कोरडा आणि निर्मळ असावा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. काचेची बरणी वापरू नये. आतून बर्फाचे खडे आपटत असतात.

तपासणी: ओट्यावर या क्रमाने मांडणी झाली आहे का ते पाहावे: शेकर, ३० मि.ली.चे पेग मेजर, दोन बाटल्या, बारीक जाळीची चहाची गाळणी, बारीक किसणी, जायफळ. क्रीम अजून फ्रिजमध्ये, ग्लास अजून फ्रीझरमध्ये, बर्फ अजून ट्रेमध्ये.

टप्पा ४: मोजणे आणि ओतण्याचा क्रम

एका ग्लासासाठी ३० मि.ली. ब्रँडी, ३० मि.ली. क्रेम द काकाओ आणि ३० मि.ली. क्रीम घ्यावी. पेग मेजरमधला ‘स्मॉल’ म्हणजेच ३० मि.ली., त्यामुळे आपल्याकडे हे माप फार सोयीचे आहे. अंदाजाने ओतू नये. लिक्युअर १० मि.ली. जास्त पडले तर तीन-साडेतीन ग्रॅम साखर वाढते आणि सगळी चव एका बाजूला झुकते.

क्रम असा ठेवावा. रिकाम्या शेकरमध्ये आधी ब्रँडी, मग लिक्युअर ओतून शेकर गोल फिरवून दोन्ही मिसळावेत. त्यानंतर फ्रिजमधून काढलेली क्रीम घालावी आणि सर्वांत शेवटी बर्फ. बर्फ आधी भरून त्यावर मोजमाप करत बसलो तर पहिला बर्फ शेवटच्या मापापर्यंत पाणी सोडत राहतो, आणि दाट क्रीम बर्फाच्या खड्यांना चिकटून पेयात पूर्ण उतरतच नाही. क्रीमच्या मापालाही बरीच क्रीम चिकटून राहते. ज्यांच्याकडे स्वयंपाकघराचा वजनकाटा आहे त्यांनी शेकर काट्यावर ठेवून ३० ग्रॅम क्रीम तोलावी, कारण क्रीमचे ३० मि.ली. आणि ३० ग्रॅम जवळजवळ सारखेच भरतात. लिक्युअरला ही युक्ती लावू नये, साखरेमुळे ते जड असते.

ज्यांना गोड कमी हवे त्यांनी ब्रँडी ४५ मि.ली. करण्याऐवजी लिक्युअर २० मि.ली. करावे. पहिल्या उपायाने गोडवा फक्त झाकला जातो आणि मद्य वाढते.

टप्पा ५: हलवणे

शेकर दोन तृतीयांश बर्फाने भरून झाकण ठोकून बसवावे. एक हात झाकणावर आणि एक तळाशी, असा धरून खांद्याच्या उंचीवर पुढे-मागे जोरात हलवावे. वेळ साधारण १५ सेकंद. शेकर बाहेरून पांढुरका होतो आणि बोटांना चिकटल्यासारखा गार लागतो, तेव्हा आतले पेय शून्याच्या खाली गेलेले असते आणि थांबायची वेळ झालेली असते.

दोन्ही टोकांच्या चुका होतात. पाच-सहा सेकंदांत थांबले तर क्रीम पातळ राहते आणि पेय थरांत वेगळे होते. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेले तर पाणी वाढते, आणि क्रीम पुरेशी थंड नसेल तर लोण्याचे कण सुटू लागतात. चमच्याने ढवळून हे पेय होत नाही. हवा आत गेल्याशिवाय त्याला फेसाळ पोत येत नाही.

एका शेकरमध्ये एका वेळी दोनपेक्षा जास्त ग्लासांचे करू नये. चार जणांसाठी दोनदा करावे, आणि दुसऱ्या खेपेला बर्फ नवा घ्यावा.

इशारा: तीन भागांच्या शेकरचे झाकण थंडीने आवळून बसते. ओढाताण करण्याऐवजी जोडाच्या जागी तळहाताने बाजूने थाप मारावी, नाहीतर ते एकदम सुटून क्रीम भिंतीवर जाते.

टप्पा ६: गाळणे आणि जायफळ

हलवून झाल्याबरोबर गाळावे. शेकरच्या गाळणीखाली चहाची गाळणी धरून दुहेरी गाळल्यास बर्फाचे कण अडतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. चमच्याने गाळणी घासू नये. शेवटचे दोन थेंब गेले तरी चालतील. ९० मि.ली. घटकांचे पेय वितळलेल्या बर्फामुळे ११० मि.ली.च्या आसपास भरते. ते १३० मि.ली.च्या पुढे गेले तर बर्फ ओला होता असे समजावे.

जायफळ आपल्या ओळखीचे आहे. पुरणाला, श्रीखंडाला ते आपण वापरतोच आणि कोकणात, गोव्यात त्याची झाडेही आहेत. म्हणूनच येथे सवयीची चूक होते. सहाणेवर उगाळलेले जायफळ पेयात घालू नये. ओला लेप फेसावर डागासारखा बसतो. डब्यातली जुनी पूडही नको, तिच्यातले तेल उडून गेलेले असते आणि उरतो तो भुसा. अख्खे जायफळ बारीक किसणीवर ग्लासाच्या वरच तीन-चार वेळा फिरवावे, की कोरडी भुकटी फेसावर तरंगत राहते आणि ग्लास तोंडाशी नेताना वास आधी पोहोचतो. प्रमाण चिमटीच्याही आत असावे. जायफळ मोठ्या मात्रेत विषारी ठरते, ‘झोप छान लागेल’ म्हणून वाढवू नये.

पेय लगेच द्यावे आणि १० ते १२ मिनिटांत संपवावे, कारण यात बर्फ नसतो आणि ते कोमट झाले की गोडवा पुढे येतो.

टप्पा ७: पोषणाचा हिशेब स्वतः मांडा

मद्याच्या बाटलीवर पोषणाचा तक्ता सहसा नसतो, त्यामुळे हिशेब आपणच करावा लागतो. त्यासाठी चार आकडे पुरतात: मद्यार्काची घनता मि.ली.मागे ०.७८९ ग्रॅम, मद्यार्काच्या एका ग्रॅममागे ७ किलोकॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅममागे ९ आणि साखरेच्या ग्रॅममागे ४.

ब्रँडी. भारतीय ब्रँडीवर बहुधा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. ३० मि.ली.मध्ये १२.८४ मि.ली. मद्यार्क येतो, त्याला ०.७८९ ने गुणले की १०.१ ग्रॅम, आणि ७ ने गुणले की ७१ किलोकॅलरी. ४० टक्क्यांचे कोन्याक असेल तर ६६.

क्रेम द काकाओ. २५ टक्के मद्य धरले तर ५.९ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे ४१ किलोकॅलरी. साखर ३० मि.ली.मध्ये किमान ७.५ ग्रॅम असतेच; अनेक बाटल्यांत ती जास्त असते, म्हणून १० ग्रॅम धरून ४० किलोकॅलरी. एकूण ८१. येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो: तिन्ही घटकांत सर्वाधिक उष्मांक क्रीमचे नसून या लिक्युअरचे निघतात.

क्रीम. २५ टक्क्यांच्या ३० ग्रॅम क्रीममध्ये ७.५ ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे ६७ ते ६८ किलोकॅलरी; दुधातील साखर व प्रथिने मिळून आणखी सातेक. साधारण ७५. क्रीम ३५ टक्क्यांची असेल तर हा आकडा १०० वर जातो, आणि मग पहिला क्रमांक अर्थातच तिचा.

बेरीज २२७ किलोकॅलरी, आणि दाट क्रीम घेतल्यास सुमारे २५२. पहिल्या आकड्यातील जवळजवळ निम्मा भाग, म्हणजे ११२ किलोकॅलरी, निव्वळ मद्यार्काचा आहे. क्रीमऐवजी दूध घालून ‘डाएट’ करणाऱ्यांनी ही विभागणी डोळ्यांसमोर ठेवावी: चव घालवून ते वाचवतात ती पन्नासेक किलोकॅलरी.

आता तुलना. भारतीय ब्रँडीचा लार्ज पेग, म्हणजे ६० मि.ली., १४२ किलोकॅलरींचा असतो. ‘स्मॉल’ ब्रँडी घातलेले अलेक्झांडर त्याच्या दीडपटीहून जास्त आहे. मद्य मोजतानाही अंदाज असाच चुकतो. ग्लासात एकूण १६ ग्रॅम मद्यार्क आहे आणि तो ४७ मि.ली. ब्रँडीइतका भरतो, म्हणजे दीड स्मॉलहून थोडा जास्तच. लिक्युअरलाही मद्य म्हणून मोजावे लागते ही साधी गोष्ट गोड चवीमुळे निसटते. ब्रिटनमध्ये मद्याचे एक युनिट ८ ग्रॅमचे धरतात, त्या मापाने ही दोन युनिटे होतात.

साखरेचे १० ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने मुक्त साखर (म्हणजे मुख्यतः वरून घातलेली साखर) एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. २००० किलोकॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दुधाच्या स्निग्धांशातील साधारण ६० ते ६५ टक्के भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो, त्यामुळे ७.५ ग्रॅमपैकी सुमारे ४.७ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश पोटात जातो. दिवसाची मर्यादा, पुन्हा २००० किलोकॅलरींच्या आहारात, २२ ग्रॅम. प्रथिने एक ग्रॅमही नाहीत आणि कॅल्शियम नगण्य आहे. ‘दुधाचे आहे, पौष्टिक आहे’ या समजुतीला आधार नाही. शिवाय शरीर मद्यार्क आधी जाळते आणि तोवर स्निग्धांश जाळणे मागे पडते, म्हणून रात्रीच्या भरपेट जेवणावर हे पेय घेणे हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडते. गोड पदार्थाच्या जागी घ्यावे, गोड पदार्थानंतर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा वरचे आकडे सवलत म्हणून वाचू नयेत.

इशारा: भारतात गाडी चालवताना रक्तातील मद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तामागे ३० मिलिग्रॅम आहे. विडमार्कच्या प्रचलित सूत्राने १६ ग्रॅम मद्यार्काचा ढोबळ अंदाज काढला तर ७० किलो वजनाच्या पुरुषात तो सुमारे ३४ आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीत ५३ मिलिग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे एकाच ग्लासाने मर्यादा ओलांडली जाऊ शकते. क्रीममुळे मद्य रक्तात सावकाश उतरते, पण ते कमी होत नाही. उलट परिणाम उशिरा जाणवल्यामुळे माणूस दुसरा ग्लास मागतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे पेय घेऊ नये: आधी साखर वाढते आणि नंतर, कधी झोपेत, ती धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते.

टप्पा ८: बदल करायचे असतील तर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ब्रँडीचा खप मोठा आहे आणि तिथल्या सपर क्लबांत, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या जुन्या धाटणीच्या हॉटेलांत, हे पेय क्रीमऐवजी व्हॅनिला आइस्क्रीम घालून मिक्सरमध्ये फिरवतात. घरी करताना दोन गोळे, म्हणजे १२० ग्रॅमच्या आसपास आइस्क्रीम घ्यावे, बर्फ घालू नये आणि मिक्सर फार तर १० सेकंद चालवावा. हिशेब मात्र ४०० किलोकॅलरींवर पोहोचतो आणि साखर तिपटीच्या वर जाते, त्यामुळे लिक्युअर २० मि.ली.वर आणणे शहाणपणाचे. पुडक्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’ ते पाहावे. दुसऱ्यात वनस्पती तेल असते.

दूध न चालणाऱ्यांसाठी नारळाच्या पहिल्या दाट रसाने पेय चांगले होते. रस ताजा, गाळलेला आणि थंडगार हवा, आणि ओतण्याआधी तो हलवून एकजीव करावा. नारळाच्या स्निग्धांशातील संपृक्त भाग दुधापेक्षाही जास्त असतो, म्हणून हा बदल पथ्याचा समजू नये. जायफळ येथे थोडे जास्त खपते.

मद्यविरहित करायचे झाल्यास कोको पूड, थोडी साखर आणि क्रीम बर्फावर हलवून घ्यावी. ते वाईट लागत नाही, पण तो थंड कोको झाला. त्याला अलेक्झांडर म्हणण्याचा आग्रह मला पटत नाही.

टप्पा ९: आवराआवर

शेकर पाहुण्यांबरोबर गप्पा मारण्याआधी धुवावा. आधी थंड पाण्याने क्रीम विसळून काढावी आणि मगच गरम पाणी व साबण वापरावा. थेट कडकडीत पाणी घातले तर दुधाचा अंश सांध्यांत शिजून बसतो आणि दुसऱ्या दिवशी शेकरला येणारा वास काही केल्या जात नाही. तीन भागांच्या शेकरची गाळणी आणि टोपण वेगळे करून उलटे वाळत ठेवावे. उघडलेल्या पाकिटातली क्रीम काचेच्या झाकणबंद बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवावी आणि पेयासाठी तीन दिवसांतच वापरावी. त्यानंतर ती वासाला ठीक वाटली तरी पुन्हा अलेक्झांडरसाठी न वापरता भाजीच्या रश्श्यात घालावी.